इन्सुलिन रेझिस्टन्ससाठी रॅट मॉडेल: एसटीझेड ६० चालेल का?

डाळिंबसाल
नमस्कार मंडळी. सोलापूर, एम.फार्म. फार्माकॉलॉजी, दुसरं वर्ष. विषय ठरलाय: डाळिंबाच्या सालीच्या अर्काचा इन्सुलिन रेझिस्टन्सवर (शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही ती अवस्था) परिणाम. भगवा जातीच्या डाळिंबाची साल इथं पोत्यानं मिळते, म्हणून तो घेतला. आराखडा असा:

विस्टार रॅट, नर, १८० ते २०० ग्रॅम. पाच ग्रुप, प्रत्येकी ६. एसटीझेड (स्ट्रेप्टोझोटोसिन, स्वादुपिंडाला इजा करून शुगर चढवणारं रसायन) ६० मिग्रॅ/किलो आय.पी. (पोटाच्या पोकळीत), एकदाच. ७२ तासांनी ज्यांची शुगर २५० च्या वर ते घ्यायचे. पुढे २८ दिवस अर्काचे दोन डोस, स्टँडर्ड म्हणून मेटफॉर्मिन. दर आठवड्याला फास्टिंग शुगर, शेवटी लिपिड प्रोफाइल आणि होमा-आयआर (फास्टिंग ग्लुकोज आणि इन्सुलिनवरून काढलेला रेझिस्टन्सचा आकडा).

आयएईसीची (कॉलेजची प्राणी-प्रयोग नैतिकता समिती) मीटिंग जवळ आलीय, फॉर्म बी (प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज) भरायचाय. जुने थिसिस बहुतेक असेच दिसतात. यात काही चुकतंय का?

कडकभाकरी
चुकतंय, आणि मुळातच चुकतंय. एसटीझेड ग्लुट-२ या ग्लुकोजच्या वाहक प्रथिनातून स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीत शिरतं, तिथं डीएनएला अल्किल गट चिकटवतं, दुरुस्तीच्या धावपळीत पेशीतलं एनएडी (ऊर्जेसाठी लागणारा रेणू) संपतं आणि पेशी मरते. ६० च्या डोसला बहुतेक बीटा पेशी जातात. म्हणजे इन्सुलिनच उरत नाही. टाकी रिकामी असताना नळ तुंबलाय का ते कसं तपासणार? हे टाइप १ च्या जवळचं मॉडेल आहे. शीर्षकात 'इन्सुलिन रेझिस्टन्स' ठेवायचं असेल तर मॉडेल बदला, नाहीतर शीर्षक बदला.

बाराबंदी
कडकभाकरी सरांशी ९० टक्के सहमत. एक दुरुस्ती. नुसती शुगर बराच काळ चढलेली राहिली तरी स्नायूंचा इन्सुलिनला प्रतिसाद घटतो. १९८७ मध्ये स्वादुपिंडाचा ९० टक्के भाग काढलेल्या रॅटवर हे दाखवलं गेलं: फ्लोरिझिन देऊन लघवीवाटे ग्लुकोज बाहेर काढलं, शुगर खाली आली आणि इन्सुलिनची संवेदनशीलता पूर्ववत झाली. म्हणजे एसटीझेडच्या रॅटमध्ये रेझिस्टन्स अजिबात नसतो असं नाही. पण तो परिणाम म्हणून येतो, कारण म्हणून नाही. माणसात टाइप २ चा क्रम उलटा असतो: आधी रेझिस्टन्स, मग कित्येक वर्षं वाढीव इन्सुलिन, मग बीटा पेशींचा दम संपणं.

डाळिंबसाल
मग होमा-आयआर काढून रेझिस्टन्स दिसणार नाही का? जुन्या थिसिसमध्ये एसटीझेड ग्रुपचा होमा वाढलेला दिसतो.

पासंग
ताई, होमाचं सूत्र कागदावर मांडून बघा. ग्लुकोज मिग्रॅ/डीएल गुणिले इन्सुलिन मायक्रोयुनिट/मिली, भागिले ४०५. (ग्लुकोज मिलिमोलमध्ये असेल तर भागिले २२.५.)

पहिला रॅट: ग्लुकोज ९०, इन्सुलिन २०. गुणाकार १८००. होमा ४.४४.
दुसरा रॅट: ग्लुकोज ३६०, इन्सुलिन ५. गुणाकार १८००. होमा ४.४४.

पहिल्याचं स्वादुपिंड जोर लावून शुगर ताब्यात ठेवतंय. हा खरा रेझिस्टन्स. दुसऱ्याचं स्वादुपिंड संपलंय. आकडा मात्र एकच. होमा १९८५ मध्ये माणसांसाठी बांधला गेला, तोही यकृत आणि बीटा पेशी यांचं चक्र शाबूत आहे असं धरून. ते चक्र एसटीझेडनं तुटतं. एकाच जातीच्या, एसटीझेड न दिलेल्या रॅटमध्ये दोन ग्रुपची तुलना करायला तो वापरा. माणसाचे कटऑफ मात्र लावू नका. आणि थिसिसमध्ये होमाच्या शेजारी ग्लुकोज आणि इन्सुलिन वेगवेगळे छापाच. वाचणाऱ्याला कळू दे, आकडा कुठून आला.

होटगीरोड
सर्वात स्वस्त आणि सोपा मार्ग फ्रुक्टोजचा. पिण्याच्या पाण्यात १० टक्के, म्हणजे १०० ग्रॅम फ्रुक्टोज विरघळवून एकूण १ लिटर. नर विस्टार, किमान ८ आठवडे. इंजेक्शन नाही, मर जवळपास नाही.

कडकभाकरी
होटगीरोड, मार्ग बरोबर आहे, पण त्यातून काय दिसेल ते आधीच सांगून ठेवायला हवं, नाहीतर आठव्या आठवड्यात ताई घाबरतील. फास्टिंग शुगर बहुधा नॉर्मलच येते. वजनही फार वाढत नाही. आधी चढतात ट्रायग्लिसराइड, कारण फ्रुक्टोज यकृतात फॉस्फोफ्रुक्टोकायनेज या नियंत्रक एन्झाइमचं नाकं चुकवून आत जातं आणि तिथं चरबी बनवतं. मग फास्टिंग इन्सुलिन. रेझिस्टन्स मुख्यतः यकृताचा.

दुसरं, रोज पाण्याची बाटली वजन करून ठेवा. २५० ग्रॅमच्या रॅटनं दिवसात ४० मिली प्यायलं तर ४ ग्रॅम फ्रुक्टोज, १६ किलोकॅलरी. तेवढं तो कोरडं खाणं कमी करतो. खाण्याबरोबर प्रथिनंही घटतात. दोन्ही नोंदी नसतील तर जे दिसलं ते फ्रुक्टोजमुळं की अपुऱ्या प्रथिनांमुळं, सांगता येत नाही.

पिंजराखोली
आणि सोलापूरचा उन्हाळा लक्षात घ्या की ओ. फ्रुक्टोजचं पाणी उष्ण खोलीत दुसऱ्या दिवशी आंबतं, नळीच्या तोंडाशी बुरशीची चिकट साय धरते, मुंग्या येतात. रोज ताजं करा, बाटली आणि नळी गरम पाण्यानं धुवा, नळीत ब्रश घाला. नळीतली गोळी अडकली तर बाटली भरलेली दिसते आणि प्राणी तहानलेला असतो. बाटली लावल्यावर बोटानं गोळी दाबून थेंब येतो का ते प्रत्येक पिंजऱ्याला बघायचं.

खोलीचं तापमान २२ अधिक-उणे ३ कागदावर सगळेच लिहितात. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२ असतं, दुपारी लाइट गेली की तासाभरात खोली ३० च्या पुढे जाते. रॅट पसरून झोपतो, खाणं टाकतो. चार दिवस असं झालं तर सगळ्या ग्रुपची वजनं आणि शुगर खाली येते आणि औषधाचा गुण आला असं वाटतं. कमाल-किमान तापमापी खोलीत टांगा, रोज सकाळी दोन्ही आकडे वहीत. जनरेटरवर एसी नसेल तर प्रयोग जुलै ते फेब्रुवारीत बसवा.

इंद्रभवन
मी सी५७ ब्लॅक ६ माईसच्या बाजूनं. ६० टक्के कॅलरी चरबीतून, ६ आठवडे वयापासून १२ ते १६ आठवडे. वजन, इन्सुलिन, यकृतातली चरबी सगळं चढतं, माणसाच्या लठ्ठपणाशी सर्वात जवळचं. ग्लुकोज क्लॅम्प केला की प्रश्न मिटला. क्लॅम्प म्हणजे गोल्ड स्टँडर्ड: इन्सुलिन ठरावीक वेगानं शिरेतून चालू, शुगर एका पातळीला धरण्यासाठी ग्लुकोज किती वेगानं द्यावा लागला ते मोजायचं. जास्त द्यावा लागला तर प्राणी संवेदनशील.

बाराबंदी
इंद्रभवन, तत्त्व मान्य. पण ताईंच्या हातात आहे काय ते बघू. क्लॅम्पला मानेच्या शिरेत कॅथेटर, शस्त्रक्रियेनंतर ५ ते ७ दिवस विश्रांती, दोन इन्फ्यूजन पंप आणि दर ५ ते १० मिनिटांनी शुगर लागते. यकृत ग्लुकोज किती सोडतंय हे वेगळं काढायचं तर ट्रिशियम लावलेला ग्लुकोज, म्हणजे किरणोत्सर्गी पदार्थाची परवानगी. एम.फार्म.च्या मुदतीत हे बसत नाही. अर्धवट क्लॅम्पपेक्षा नीट केलेली इन्सुलिन टॉलरन्स टेस्ट (इन्सुलिन टोचून शुगर किती वेगानं पडते ते बघणं) बरी.

माईसबद्दल एक: ब्लॅक ६ च्या 'जे' उपजातीत एनएनटी जनुकाचा तुकडा गळालेला आहे, 'एन' मध्ये तो शाबूत. ग्लुकोज टॉलरन्स दोन्हींचा सारखा नसतो. 'ब्लॅक ६ घेतले' एवढं लिहून भागत नाही, उपजात आणि पुरवठादार दोन्ही लिहा.

विजापूरवेस
जनुकीय मॉडेल कुणी का सुचवत नाही? ओबी/ओबी आणि डीबी/डीबी माईस, झुकर रॅट. आपल्याकडं हैदराबादच्या एनआयएनची (राष्ट्रीय पोषण संस्था) डब्ल्यूएनआयएन/ओबी रॅट जातही आहे.

बाराबंदी
ओबी/ओबीत लेप्टिनच (भूक आवरणारं संप्रेरक) बनत नाही. डीबी/डीबी आणि झुकरमध्ये लेप्टिनचा रिसेप्टर बिघडलेला. रेझिस्टन्स जबरदस्त येतो, पण त्याचं मूळ एका जनुकात. आपल्याकडच्या बहुतेक पेशंटमध्ये तसं नसतं. डाळिंबाच्या सालीचा प्रश्न खाण्यापिण्यातून आलेल्या रेझिस्टन्सचा आहे, तर मॉडेलही आहाराचंच हवं. डेक्सामेथासोन १ मिग्रॅ/किलो रोज १० दिवस दिलं तरी इन्सुलिन चढतं, काम पटकन होतं. पण प्राणी वाळतो, स्नायू झडतात. तो स्टेरॉइडचा प्रश्न झाला.

डाळिंबसाल
म्हणजे हाय फॅट डाएट. पण तयार गोळ्यांचा खर्च गाइडना झेपणार नाही असं वाटतं. घरी बनवता येतं का? आणि त्यासोबत कमी डोसचं एसटीझेड देतात ते काय?

कडकभाकरी
नायपर (औषधशास्त्राची राष्ट्रीय संस्था), मोहालीच्या गटानं २००५ मध्ये दिलेली पद्धत भारतात सर्वात जास्त वापरली जाते. किलोमागे: भुकटी केलेला नेहमीचा चाऊ (रॅटचं तयार खाणं) ३६५ ग्रॅम, डुकराची चरबी म्हणजे लार्ड ३१०, केसिन २५०, कोलेस्टेरॉल १०, व्हिटॅमिन-मिनरल मिश्रण ६०, डीएल-मेथिओनिन ३, यीस्ट पावडर १, मीठ १. बेरीज बरोबर १०००. चरबीतून साधारण ५८ टक्के कॅलरी.

दोन आठवडे हे खाऊ घालून मग एसटीझेड ३५ मिग्रॅ/किलो. मुद्दा असा की साध्या चाऊवरच्या रॅटला तेच ३५ दिलं तर शुगर फारशी चढत नाही. आहारानं आधीच ताणलेल्या प्राण्यालाच ते पाडतं. म्हणूनच 'साधा चाऊ अधिक ३५' हा वेगळा कंट्रोल ग्रुप लागतो. तो गाळला तर आहाराचा वाटा सिद्धच होत नाही, आणि तो नेमका गाळला जातो.

पण ताई, तुमचा प्रश्न फक्त रेझिस्टन्सचा असेल तर एसटीझेड मुळीच देऊ नका. नुसत्या चरबीच्या आहारानं फास्टिंग इन्सुलिन वाढतं, इन्सुलिन दिल्यावर शुगर पडायचा वेग मंदावतो, शुगर मात्र थोडीच वर. तोच प्रीडायबेटिस. ८ ते १० आठवडे द्या.

होटगीरोड
लार्ड मिळवणं इथं अवघड. वनस्पती तूप आणि खोबरेल ३:१, रोज ३ मिली/किलो तोंडावाटे, सोबत फ्रुक्टोजचं पाणी, असं बरेच जण करतात.

पिंजराखोली
करतात, पण जुन्या पेपरातलं वनस्पती आता बाजारात नाही हे कुणी लिहीत नाही. एफएसएसएआयनं (अन्न सुरक्षा प्राधिकरण) तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली. नाव तेच, डबा तसाच, आतली फॅटी ॲसिडं वेगळी. २०१५ च्या पेपरचा परिणाम आजच्या डब्यातून येईलच असं नाही. वापरायचंच तर एकाच बॅचचे सगळे डबे आधी घेऊन ठेवा आणि फॅटी ॲसिड प्रोफाइल एकदा करून घ्या.

विजापूरवेस
शेंगतेल चालेल का? सोलापुरात त्याला तोटा नाही.

कडकभाकरी
नाही. शेंगतेलात ओलेइक आणि लिनोलेइक जास्त. रेझिस्टन्स भरवशानं आणायला सॅच्युरेटेड चरबी लागते. शेंगतेल घातलं तर रॅट जाड होईल, पण इन्सुलिनचा प्रतिसाद तेवढा बिघडणार नाही.

बनवताना चरबी जेमतेम पातळ होईल इतकीच गरम करा, फार तापवली की ऑक्सिडाइज होते. गार होत आली की भुकटीत मळा, शेवटी व्हिटॅमिन. गोळे करून उणे २० ला. पिंजऱ्यात एका दिवसापुरतंच ठेवा, उरलेलं फेका. खवट वास आला तर रॅट खात नाही, आणि खाल्लं तरी आपण चरबीचा नाही, खवटपणाचा परिणाम मोजत बसतो. हे गोळे भुसा होऊन तळाशी सांडतात, ते चाळून वजन करा. दिलेलं उणे उरलेलं म्हणजे खाल्लेलं नव्हे. आणि कंट्रोलला तोच चाऊ, त्याच भुकटीच्या रूपात.

पासंग
आता ग्रुपची संख्या. रिसोर्स इक्वेशन: एकूण प्राणी उणे ग्रुप, उत्तर १० ते २० मध्ये हवं. ५ ग्रुप गुणिले ६ म्हणजे ३०, उणे ५, २५. जास्त झाले. ५ गुणिले ५, उणे ५, बरोबर २०. आयएईसी हेच विचारते. मरीसाठी जादा घ्यायचे तर ते वेगळे दाखवून कारण लिहा. इन्सुलिनचं विचलन आधीच्या छोट्या चाचणी-प्रयोगातून माहीत असेल तर पॉवरचं (फरक पकडायला किती प्राणी लागतील याचं) गणित केव्हाही सरस. आणि प्राणी ग्रुपमध्ये रँडम टाका, पिंजऱ्यातून हाताला लागेल तो नको. आधी हाताला लागतो तो सुस्त आणि जाड असतो.

इंद्रभवन
मुळात प्राणी हवेतच का, हा प्रश्न कुणी विचारला नाही. एल६ स्नायूपेशी किंवा ३टी३-एल१ चरबीपेशींवर पाल्मिटेट (सॅच्युरेटेड फॅटी ॲसिड) टाकून रेझिस्टन्स आणता येतो, ग्लुकोज शोषण मोजता येतं. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये तीन 'आर' (रिप्लेसमेंट, रिडक्शन, रिफाइनमेंट) मांडले, त्यातला पहिला पर्याय शोधण्याचाच.

बाराबंदी
रास्त प्रश्न, आणि फॉर्म बीमध्ये त्याचं उत्तर लिहावंच लागतं. नुसत्या पेशींवर इथं भागणार नाही, कारण सालीतलं प्युनिकॅलॅजिन हे टॅनिन जसंच्या तसं रक्तात फारसं जात नाही. त्यातून सुटलेलं एलॅजिक ॲसिड आतड्यातले जिवाणू युरोलिथिनमध्ये बदलतात, आणि ते शोषलं जातं. पेशींच्या प्लेटवर अर्क ओतला तर जे रक्तात कधी पोचतच नाही त्याची चाचणी होते. पण डोसची चाळणी आणि विषारीपणा आधी पेशींवर करा, म्हणजे रॅटवर दोनऐवजी एकच डोस पुरेल आणि पाच प्राणी वाचतील.

पिंजराखोली
सालीबद्दल दोन गोष्टी. तेल्या रोगाच्या भीतीनं बागेवर तांब्याच्या आणि प्रतिजैविकांच्या फवारण्या झालेल्या असतात, आणि साल हा सगळं अंगावर घेणारा भाग. अर्कात तांबं किती हे तपासा. प्रतिजैविक राहिलं तर आतड्यातले जिवाणू बदलतील, आणि बाराबंदी सरांनी वर सांगितलेलं युरोलिथिनचं सगळं गणित फिरेल. फवारणीची नोंद देणाऱ्या एकाच बागेची साल घ्या, सावलीत वाळवा.

दुसरं, साल तुरट. टॅनिनमुळं रॅटची भूक मरते. खाणं कमी, वजन कमी, मग रेझिस्टन्स आपोआप कमी. अर्कानं काही केलं नाही तरी. यासाठी पेअर-फेड ग्रुप हवा: अर्काच्या ग्रुपनं काल जेवढं खाल्लं तेवढंच आज या ग्रुपला, अर्काशिवाय. अर्क ०.५ टक्के सीएमसीच्या (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज) पाण्यात, गॅवेज (नळीनं थेट पोटात देणं) १० मिली/किलोच्या आत.

डाळिंबसाल
पेअर-फेड ग्रुपचं डोक्यातच नव्हतं. खूप आभार. इन्सुलिन टॉलरन्स टेस्टची पद्धत कुणी नीट सांगेल का? मेडिकलच्या दुकानात ४० युनिटची बाटली मिळते.

कडकभाकरी
तीच घ्या, पण साधं ह्यूमन रेग्युलर इन्सुलिन, पाण्यासारखं स्वच्छ. ढगाळ बाटली मध्यम पल्ल्याची किंवा मिश्र असते, ती नको. लेबलवर ४० की १०० युनिट/मिली हे दोघांनी वाचायचं. इथं चूक झाली तर अडीचपट डोस जातो आणि प्राणी झटके येऊन मरू शकतो.

पातळ करणं: ४० च्या बाटलीतून ०.१ मिली, म्हणजे ४ युनिट. त्यात ७.९ मिली सलाइन. झालं ८ मिली, ०.५ युनिट/मिली. सलाइनमध्ये ०.१ टक्के बोव्हाइन अल्ब्युमिन आधीच घाला, नाहीतर इतकं पातळ इन्सुलिन नळीच्या भिंतीला चिकटतं. याचे १.५ मिली/किलो आय.पी. दिले की ०.७५ युनिट/किलो होतात. २५० ग्रॅमच्या रॅटला ०.३७५ मिली.

उपवास ५ ते ६ तास, सकाळी खाणं काढून. रात्रभर नको. यकृतातलं ग्लायकोजेन संपतं आणि ग्रुपमधला फरकच पुसला जातो. शेपटीच्या टोकातून ०, १५, ३०, ४५, ६० मिनिटांना. एकच ग्लुकोमीटर, स्ट्रिपचा एकच लॉट. आधी आठवडाभर प्राण्यांना हातात घ्यायची सवय लावा. घाबरलेल्या रॅटची शून्य मिनिटाची शुगर सहज चढलेली येते आणि मग इन्सुलिनचं काम दिसतच नाही. केटामिन-झायलाझिन देऊन तर ही टेस्ट कधीच नको, झायलाझिन इन्सुलिन स्रवणं दाबतं.

२५ टक्के डेक्स्ट्रोजचं अँप्युल निम्मं पातळ करून जवळ ठेवा. शुगर ४० च्या खाली गेली किंवा प्राणी ढिला पडला तर ८ मिली/किलो, म्हणजे १ ग्रॅम/किलो, लगेच आय.पी. त्या प्राण्याची टेस्ट तिथंच थांबवायची.

पासंग
आकडेमोड: ग्लुकोजचा नॅचरल लॉग वेळेसमोर मांडा, सरळ उतरणारा भाग घ्या. केआयटीटी (शुगर पडण्याचा दर) म्हणजे ०.६९३ भागिले ग्लुकोज निम्मं व्हायला लागणारी मिनिटं, गुणिले १००. मूळ आकड्यांचा आलेखही द्या, नुसते टक्के नकोत.

बाराबंदी
इन्सुलिनसाठी रक्त काढताना हिमोलायसिस टाळा. लाल पेशींतलं एन्झाइम इन्सुलिन तोडतं, आकडा खोटा कमी येतो. सीरम गुलाबी दिसलं तर तो नमुना बाद. एलायझा किट रॅट इन्सुलिनचंच; माणसाच्या किटनं रॅटचं इन्सुलिन नीट पकडेल याची खात्री नाही. शेवटच्या दिवशी जमलं तर ग्रुपमधल्या काहींना मारण्याआधी ५ ते १० मिनिटं इन्सुलिन देऊन यकृत आणि स्नायू थेट द्रव नायट्रोजनमध्ये टाका. एकेटी हे इन्सुलिनचा संदेश पेशीत पुढं नेणारं प्रथिन; फॉस्फो-एकेटी आणि एकूण एकेटीचं गुणोत्तर मिळालं तर अवयव कुठला सुधारला हे सांगता येईल.

डाळिंबसाल
सुधारलेला आराखडा: नर विस्टार, ८ आठवड्यांचे. एसटीझेड नाही. लार्डचा आहार १० आठवडे, सहाव्या आठवड्याच्या शेवटी इन्सुलिन टॉलरन्स टेस्ट. रेझिस्टन्स दिसला तरच पुढचे ४ आठवडे अर्क. पाच ग्रुप, प्रत्येकी ५: चाऊ, हाय फॅट, हाय फॅट अधिक अर्क, हाय फॅट पेअर-फेड, हाय फॅट अधिक पायोग्लिटाझोन १० मिग्रॅ/किलो. मेटफॉर्मिनऐवजी पायोग्लिटाझोन घेतलं कारण ते थेट संवेदनशीलतेवर काम करतं. आहार संपेपर्यंत हाय फॅटच. प्रयोग ऑगस्टमध्ये सुरू.

कडकभाकरी
आता हा प्रश्नाला धरून आहे. एकच: पायोग्लिटाझोननं पाणी धरून वजन वाढतं, ते बघून औषध उलटलं असं समजू नका.

पिंजराखोली
आणि सीएमसी सगळ्या ग्रुपला, चाऊवाल्यांनाही आणि पेअर-फेडलाही. गॅवेजची सुई रोज घशातून जाण्याचा ताण सगळ्यांना सारखा बसला पाहिजे. फॉर्म बीमध्ये हे ग्रुपसमोर लिहा, समितीतले पशुवैद्य तिथंच बोट ठेवतात.